कवडूभाऊ दहाव्याला गेला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मायला नाही, बाला नाही, जिच्यासोबत बावन्न वर्षं संसार केला त्या गिरजेलाही नाही. ती जायच्या आदल्या दिवशी तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं — पण मी तिला चमच्यानं पाणी पाजलं आणि अंगावरची चादर सारखी केली. आता वय चौऱ्याऐंशी. सांगायला उरलंय कोण? म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. पण बघू.

आमचं गाव सावलीच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा होता; गडचिरोली वेगळी झाली ती फार नंतर. या गावात मी 'जुना माणूस' म्हणून नावाजलेला आहे. पंधरा ऑगस्ट असो, शाळेचा कार्यक्रम असो, मला खुर्चीवर बसवतात, गळ्यात हार घालतात आणि म्हणतात, तुळशीरामजी, जुन्या काळाबद्दल दोन शब्द सांगा. दोन शब्द म्हणतात आणि मी पाऊण तास बोलतो. मला बोलता येतं — तेच तर वाईट झालं.

काय सांगतो मी? घरांना कुलपं नव्हती, कडी लावली तर ती कुत्र्यासाठी. कुणाच्या घरी लग्न निघालं की सगळं गाव मांडवासाठी जांभळीचे डहाळे तोडायला निघायचं, बोलावणं लागत नसे. नवं धान आलं की घराघरांतून पोहे कुटल्याचा आवाज. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेली बंड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, मागच्या बंडीतल्या बायांनी पुढच्या बंडीतल्या बायांना गाण्यातून दिलेले टोमणे. आणि मग शेवटी मी तलावावर येतो. सांगतो की आमचा हा एवढा मोठा तलाव, दीडशे घरांचं धान त्याच्यावर, आणि त्याच्या मोरीला कुलूप नव्हतं. कुणीही जाऊन पाणी सोडू शकला असता. कुणी सोडत नसे. एक माणूस पाळी ठरवायचा आणि गाव ऐकायचं. — इथं मी जरा थांबतो. पोरं डोळे मोठे करून बघतात, कारण त्यांनी पाण्यावरून फुटलेली डोकी पाहिलीत, मोरीवर बसलेला पोलीस पाहिलाय. मग कुणीतरी मोठा माणूस सुस्कारा टाकतो, "जमाना बदलला." आणि टाळ्या वाजतात.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. खरंच तसं होतं. पण मग ते तसं का राहिलं नाही? हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. विचारला असता तर मी काय सांगितलं असतं?

पाळी ठरवणारा तो माणूस म्हणजे कवडूभाऊ. ढिवरांचा. तलावाच्या कडेला ढिवरांची आठ-दहा घरं होती, मासोळ्या मारायचे, रोवणीला-कापणीला मजुरी करायचे. त्यांच्यातल्या या एका घराकडे मोरीचं काम कितीतरी पिढ्यांपासून होतं. मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तलाव सरकारजमा झाला होता, पण सरकार आमच्यापासून लांब होतं आणि कवडूभाऊ जवळ. पंचेचाळिशीचा असेल. काळा, सुकटा, पायांची बोटं पाण्यानं कायमची पांढरी पडलेली. पाण्याची पाळी द्यायच्या आधी तो प्रत्येकाच्या बांधीत उतरायचा — बांधी म्हणजे आमच्याकडचं चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बुटका बांध, घातलेलं धानाचं शेत — आणि टाच रोवून उभा राहायचा. टाच उचलल्यावर त्या खड्ड्यात पाणी किती वेळात झिरपतं ते बघायचा. तेवढ्यावरून सांगायचा, याला आज, त्याला परवा, याला चार दिवसांनी. पाटलाच्या बांधीलाही तोच हिशेब आणि विधवेच्या बांधीलाही तोच.

आणि हेही सांगून टाकतो, जे मी भाषणात कधी सांगत नाही. ज्याच्या शब्दावर गावाचं धान पिकायचं, तो गावजेवणात शेवटच्या पंगतीला बसायचा. देवळासमोर बैठक असली तर तो खालच्या पायरीवर. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. त्याला वाटत होतं का? कुणी विचारलंय?

मी तेव्हा वीस वर्षांचा. नुकतंच लग्न झालेलं. सातवी पास — गावात माझ्या वयाचे तिघेच सातवी पास होते — आणि अंगात त्याची केवढी मस्ती! त्या वर्षी हस्त नक्षत्र कोरडं गेलं. हलकं धान कापणीला आलं होतं, पण आमचं भारी, म्हणजे उशिरा येणारं धान गर्भावर होतं, त्याला आणखी एक पाणी लागणार होतं. सगळ्यांनाच लागणार होतं. तलाव निम्मा. गिरजेचा भाऊ, माझा साळा, ब्रह्मपुरीकडून आला होता, त्याला मी शेत दाखवायला घेऊन गेलो. बांधावर कवडूभाऊ होता, सोबत चार-पाच जण. साळ्यासमोर जरा ऐट करावी म्हणून मी जोरात म्हणालो, "कवडूभाऊ, आज आमच्या बांधीले पाणी सोड."

तो बांधीत उतरला. टाच रोवली, उचलली, पाहिलं. आणि हसून म्हणाला, "चार दिवस थांब गा बापू. तुही बांधी तहानली नाई. तूच तहानला हायेस."

सगळे हसले. साळाही हसला. माझाही चेहरा हसला असावा.

बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण तुम्ही शोधत असाल तर ते नाही. मीही पुष्कळ शोधलं. बाचं आजारपण, घरातली ओढाताण, असं काहीतरी असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण धान जळत नव्हतं. चार दिवसांनी पाणी मिळणारच होतं. एका ढिवरानं मला, सातवी पास कास्तकाराच्या पोराला, चारचौघांत थांब म्हटलं — एवढंच माझ्या पोटात शिरलं आणि तिथंच बसलं.

तिसऱ्या दिवशी पाटलाच्या आईचा दहावा होता. म्हातारी सगळ्या गावाची माय होती. वैनगंगेवर जायचं ठरलं आणि दहाव्याला घराघरातून माणसं निघाली. कापणीही त्या दिवशी बंद. सकाळी बंड्या जुंपल्या गेल्या तेव्हा मी घोंगडं पांघरून पडलो आणि म्हणालो, अंगात ताप आहे. बा निघून गेला. माय बायांसोबत निघाली. गिरजा जायच्या आधी आत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं. तिनं हात थोडा जास्त वेळ ठेवला — मला आठवतं — आणि निघून गेली.

दुपारी मी फावडं घेऊन बाहेर पडलो. गावात म्हाताऱ्या आणि तान्ही लेकरं सोडली तर कुणी नव्हतं. ऊन रणरणत होतं. आधी जाऊन आमच्या बांधीचा धुरा पाटाच्या बाजूनं फोडला, पाणी आत घेण्यासाठी. मग तलावावर गेलो. बांधाच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्या, सगळ्यात खालच्या पायरीत मोरीचं तोंड, त्यात सागाचा जाड दट्ट्या आणि उपसण्यासाठी त्याला लांब दांडा. कवडूभाऊ तो एका हातानं उपसायचा. मला दोन्ही हातांनी, छातीला लावून ओढावा लागला. पण निघाला. पलीकडे पाटात पाणी धडधडत गेलं. काय सांगू — मला त्या वेळी आनंद झाला. लपवून काय उपयोग? मी मोठ्यानं हसलो होतो.

तासाभरात आमची बांधी भरली. मी धुरा नीट लिंपून बुजवला आणि मोरी बंद करायला आलो. आणि दट्ट्या बसेना. वाहत्या पाण्यात तो कसा बसवायचा, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गुंडाळून, तिरपा धरून, हे कवडूभाऊच्या हातांना माहीत होतं, माझ्या सातवीच्या पुस्तकात नव्हतं. मी जोर लावला. दांडा कडकन मोडला. तुकडा माझ्या हातात राहिला आणि दट्ट्या त्या काळ्या पाण्यात कुठं गेला ते कळलंही नाही.

मी काय करायला हवं होतं? पोतं भरून टाकायला हवं होतं. ओरडत नदीकडे धावायला हवं होतं. दोन-अडीच कोस अंतर, मी पळालो असतो तर दोन तासांत माणसं आली असती. मी दांड्याचा तुकडा बेशरमाच्या झुडपात फेकला, पाय धुतले, घरी जाऊन घोंगड्यात शिरलो. आणि पडल्यापडल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. आमचं घर तलावापासून बरंच लांब; आवाज येणं शक्य नव्हतं. पण येत होता.

दिवस कलताना बंड्या परतल्या. आधी एका बाईची किंकाळी ऐकू आली. ती सीताबाई होती — नवरा नसलेली, एकुलती एक बांधी, पाटाच्या शेवटाला. आदल्याच दिवशी तिनं आपलं हलकं धान कापून वाळायला पसरवलं होतं. ते सगळं तरंगत होतं. नुसतं तिचंच नाही, खालच्या अंगाच्या सात-आठ जणांचं कापलेलं धान पाण्यात गेलं. आणि तलाव? मधोमध डबकं उरलं होतं, भोवती चिखल, चिखलात मासोळ्या तडफडत होत्या.

मोरी बंद केली ती कवडूभाऊनं. कपड्यांसकट उतरला, खाली बुडी मारली, वर आला, पुन्हा बुडी. तणसानं भरलेली पोती त्यानं पायांनी आत दाबली. बाहेर निघाला तेव्हा त्याच्या दोन्ही नडग्या दगडांनी सोलल्या होत्या. हे मी घरातून पाहिलं नाही, बानं सांगितलं. मी तापात होतो ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव बसलं. मोरी आपोआप उघडत नाही. कुणी उघडली? सगळे तर नदीवर होते. एक मी सोडून. पाटलानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता, हे ध्यानात घ्या. त्याच्या डोक्याचं मुंडण अजून ताजं होतं, आवाज बसलेला.

"तुळश्या, तू त घरीच होतास. तुले कोणी दिसला का गा?"

इथं थांबतो जरा.

मी 'नाई' म्हणू शकलो असतो. झोपलो होतो, एवढं म्हणालो असतो तरी मी सुटलो असतो. तेही खोटंच होतं, पण त्यानं कुणी मेलं नसतं. मला कुणी पकडलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मग मी ते का बोललो? चौसष्ट वर्षं झाली, मी स्वतःला हे विचारतोय. उत्तर जवळच असतं. मला तो बांधावरचा हशा आठवला.

मी म्हणालो, "कवडूभाऊ दिसला होता. सकाळी, बंड्या गेल्यावर. मोरीपाशी होता. खांद्यावर जाळं होतं."

तो मोरीपाशी होता हे खरं होतं. बंड्या गेल्यावर तो बांधावरून एक फेरी मारून मग एकटाच पायी नदीवर गेला होता; आमच्या खिडकीतून लांबवर तलावाचा बांध दिसायचा, तिथून मी पाहिलं होतं. पण जाळं नव्हतं. जाळं मी त्याच्या खांद्यावर घातलं. आणि त्या एका शब्दानं सगळ्या गावाला उलगडा झाला. तलाव आटवला की मासोळी हातानं धरता येते! ढिवराला दुसरं काय पाहिजे? कालपर्यंत ज्याच्या टाचेवर भरवसा होता, त्याच्याबद्दल हे पटायला लोकांना किती वेळ लागला असेल? एक चिलीम ओढायला लागतो तेवढाही नाही. आमचं ते जुनं, एका जिवाचं गाव!

कवडूभाऊ खालच्या पायरीवर बसला होता. उठून उभा राहिला.

"पाटील, मी फेरी मारली अन् बंड्याइच्या मांगं नदीवर आलो. माह्यापाशी जाळं नोहतं. तुमच्या मायचा दहावा होता, पाटील. त्या दिवशी मी मासोळी मारीन का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ढिवराले मासोळी दिसली का माय आठवते, ना बाप."

त्याला देवळात नेऊन मारुतीच्या पायावर हात ठेवायला लावला. त्यानं ठेवला. शपथ घेतली. कुणी मानली नाही. देवळातून बाहेर येताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की याला माहीत आहे. बैठकीच्या दिवशी पहाटेच तो नेहमीसारखा सगळ्या बांध्या फिरून आला होता. आमचा धुरा त्यानं पाहिला असणारच. सुटलेलं पाणी धुरा फोडतं; फोडलेला धुरा फावड्यानं लिंपून ठेवत नाही. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पण त्याच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

मग तो बोलला का नाही? मी रात्रंदिवस वाट पाहिली. आज बोलेल, उद्या बोलेल. त्याच्या शब्दाला माझ्या शब्दासमोर किंमत उरणार नाही हे त्याला ठाऊक होतं म्हणून? की माझी बायको नवीन होती म्हणून? मला माहीत नाही. मी त्याच्या मनात काहीतरी मोठेपण घालून सांगू शकतो, मला बोलता येतं — पण नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं.

त्याच्याकडून मोरी काढून घेतली. ढिवरांना त्या वर्षी तलावात उतरायची बंदी केली, आठ-दहाही घरांना. म्हणजे माझ्या एका शब्दापायी त्यांच्या लेकरांच्या ताटातलंही गेलं. सगळ्यांचं भारी धान पाण्यावाचून अर्धं वाळलं. सीताबाई पोरांना घेऊन माहेरी निघून गेली आणि परत आलीच नाही. आणि जिला त्या दिवशी पुरेसं पाणी मिळालं होतं अशी एक बांधी गावात होती. ती लोंब्यांनी वाकली होती.

दिवाळी झाल्यावर आमच्या खळ्यावर मळणी चालू होती. कवडूभाऊचं बिऱ्हाड खळ्यावरून निघालं. पुढे तो, डोक्यावर जाळ्यांचं गाठोडं; मागे त्याची बायको भागाबाई, तिच्या मागे सात-आठ वर्षांची पोरगी, यमू, काखेत कोंबडी धरून. बिचारी वळूनवळून मागे बघत होती. नदीकाठी नातेवाइकांकडे निघाले होते. तो खळ्याच्या कडेला थांबला. माझ्या मागे धानाची रास होती.

"धान चांगलं झालं ना, बापू?"

मी म्हणालो, "हो."

"मंग बरं झालं," असं म्हणून तो चालू लागला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मला आजवर इतकं बोचलं नसतं. गिरजा तिथंच सूप घेऊन उभी होती. त्या राशीतलं नवं धान घरात शिजलं त्या दिवशी तिनं उपास धरला. कसला उपास, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. बावन्न वर्षं नाही.

पुढच्या हंगामाच्या आधी मोरीवर लोखंडी झाकण आणि कुलूप आलं. किल्ली एकाकडे, मग दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे किल्ली त्याच्या भावकीला पाणी आधी. मग दोन किल्ल्या झाल्या, दोन तट झाले, पहिल्यांदा काठी चालली, मग कोर्ट. लग्नाच्या मांडवाला अर्धं गाव येईना. लोक म्हणतात जमाना बदलला — पंप आले, निवडणुका आल्या, पैसा आला, टीव्ही आला. असेल. मी त्यांना नाही म्हणत नाही. पण जमाना म्हणजे कोण असतो हो? आमच्या गावात तो कुठून शिरला, कुठल्या दुपारी, कुणाच्या हातून, हे मला नक्की ठाऊक आहे. आणि मीच हार गळ्यात घालून त्या हरवलेल्या काळासाठी डोळे पुसत आलोय.

पाच-सहा वर्षांनी मार्कंड्याच्या जत्रेत मला भागाबाई दिसली. वाळलेल्या मासोळ्या विकत बसली होती, कपाळ मोकळं. म्हणजे कवडूभाऊ गेला होता. मी बांगड्यांच्या दुकानाआड झालो आणि ती नजरेआड होईपर्यंत बांगड्यांचा भाव विचारत राहिलो. कसा गेला, कधी गेला, विचारायला चार पावलं चालायची होती. चाललो नाही.

हे सगळं मी सोबत घेऊनच गेलो असतो. पण गेल्या महिन्यात शाळेत कार्यक्रम झाला. मी नेहमीचं भाषण केलं. आणि त्या दिवशी, काय सुचलं कुणास ठाऊक, मी मोरीवाल्याचं नावही घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, कवडू नावाचा एक ढिवर होता, त्याच्यासारखा इमानी माणूस या गावानं पुन्हा पाहिला नाही. टाळ्या वाजल्या.

कार्यक्रम संपल्यावर शाळेत नव्यानं बदलून आलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. चाळिशीच्या असतील. डोळे भरलेले. वाकून माझ्या पाया पडल्या.

"आजोबा, कवडू माझ्या आईचे वडील. आमची आजी मरेपर्यंत सांगायची का त्याइले चोर म्हणून गावातून काढलं. आईनं या गावाचं नावच टाकलं होतं, मी इथी बदली घेतली त आठ दिवस बोलली नाई. त्याइले इमानी म्हणणारे तुमीच पहिले भेटले."

आणि मी काय केलं? वीस वर्षांचा नव्हतो मी. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, ज्याला आता कुणाचं भय नाही, ज्याचं काही जायचं राहिलेलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा, पोरी." तिचे आभार मी घेतले. घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा.

पहिला गुन्हा मी पोरवयात केला, असं कुणी म्हणेल. हा दुसरा कुठल्या वयात धरायचा?

काल त्या बाई घरी आल्या होत्या. त्यांनी आईला फोनवर सगळं सांगितलं म्हणे. यमू — ती काखेत कोंबडी धरून गेलेली पोरगी — आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, तरी म्हणाली, मले त्या माणसाले भेटाचं हाय. ती रविवारी येणार आहे. लेक म्हणत होती, आईनं नवं लुगडं काढून ठेवलंय.

तेव्हा जे आहे ते असं. मोरी मी उघडली. दांडा माझ्या हातानं मोडला. जाळं नव्हतं. कवडू ढिवर त्या दिवशी पाटलाच्या आईच्या दहाव्याला पायी गेला होता आणि पायी परत आला होता, आणि मी सगळ्या गावासमोर खोटं बोललो.

रविवारी मी ओसरीवर बसलेला असेन. ती येईल, म्हातारी बाई आहे, पायरी हळूहळू चढेल. पाया पडायला वाकेल. ती वाकायच्या आधी मला बोलावं लागेल.